म्हैस म्हणजे पट्टराणी!

आजचा शब्द आपल्या गोठ्यातलाच आहे: म्हैस.

आमच्या शहापूर-मुरबाडकडे भाताच्या चिखलणीला रेडा आणि दुधाला म्हैस, हे ठरलेलंच. पण एखाद्या मुलीला अंगावरून, रंगावरून हिणवायचं असलं की आपण पटकन हेच नाव वापरतो. मला ते खटकतं. कारण या शब्दाचा इतिहास एकदम उलटा आहे.

संस्कृतात ‘महिष’ म्हणजे मुळात मोठा, बलवान. ‘महा’, ‘महान’ यांच्याच कुळातला शब्द. ऋग्वेदात तो देवांनाही लावलाय. पुढे हे विशेषणच त्या दांडग्या जनावराचं नाव झालं. त्याचं स्त्रीलिंग ‘महिषी’, आणि महिषी म्हणजे राजाची पट्टराणीसुद्धा! संस्कृत कोश उघडा, दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी बसलेले दिसतील.

मग ‘म्हैस’ कशी झाली? प्राकृतात ‘ष’चा ‘स’ झाला: महिसी. बोलता बोलता म आणि ह जुळले, शेवटची ई गळली. झाली म्हैस! हिंदीत त्याचंच ‘भैंस’ झालं. आणि कर्नाटकातलं म्हैसूर? तेही नाव महिषावरूनच आलंय.

आता आपल्याकडे या. मुरबाड तालुक्यात म्हसा गावी पौष पौर्णिमेला यात्रा भरते ना? देव खांबलिंगेश्वर, लोकांच्या तोंडी म्हसोबा. तिथला गुरांचा बाजार तर सगळ्यांना ठाऊक. ‘म्हसोबा’ म्हणजे तोच महिष, पुढे आदराचा ‘बा’. दा. ध. कोसंबींनी १९६२ साली आलेल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या पुस्तकात म्हसोबाचं नातं थेट महिषासुराशी जोडलंय.

गंमत बघा. पुराणात देवीच्या हातून मरणारा राक्षस, आणि गावच्या वेशीवर शेंदूर लावलेला राखणदार देव, दोघांचं नाव एकच! ज्यांचं पोट गुराढोरांवर, त्यांनी महिषाला हात जोडले. ते कुणी पोथीत लिहिलं नाही, पण देवाच्या नावात राहिलं.

म्हणून मंडळी, यापुढे कुणी कुणाला ‘म्हैस’ म्हणून चिडवलं, तर त्याला या शब्दाचा अर्थ नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!