क्रियापदामागचे छोटे शब्द

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला ‘टॉलरेट’ सोपा जातो आणि ‘पुट अप विथ’ छळतो. पहिला शब्द एकदा पाठ केला की संपले. दुसऱ्यातले तिन्ही शब्द वेगवेगळे ओळखीचे असूनही ते शेजारी बसल्यावर ‘सहन करणे’ हा अर्थ कुठून आला, याचा पत्ता लागत नाही. या अडचणीतून एक समज पक्का झाला आहे, की लांब शब्द शिष्ट आणि ही तुकड्यातुकड्यांची क्रियापदे म्हणजे बोलण्यातला ढिलेपणा. इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. क्रियापदामागे ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ लावून नवे क्रियापद घडवणे ही इंग्रजीची घरची रीत आहे आणि ती निदान नऊशे वर्षे चालत आली आहे. तिच्याविषयीचा संकोच मात्र बराच अलीकडचा आहे, आणि तो लॅटिनच्या मापाने इंग्रजी मोजणाऱ्यांनी रुजवला.

हजार-बाराशे वर्षांपूर्वीची इंग्रजी संस्कृतसारखीच उपसर्गांवर भिस्त ठेवत होती. ‘हृ’ या एकाच धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार आणि परिहार होतात, त्याच पद्धतीने तिथेही क्रियापदाच्या आधी छोटे शब्द जोडून अर्थ पालटत. ‘फर्गिव्ह’, ‘अंडरस्टँड’, ‘ओव्हरकम’ ही त्या काळची उरलेली क्रियापदे. संस्कृतातले उपसर्गही मुळात सुटे होते. वेदांच्या भाषेत ते क्रियापदापासून लांब, कधी त्याच्या मागूनही येत, आणि ही मोकळीक पाणिनीने सूत्रांत नोंदवून ठेवली आहे. पुढे संस्कृतात ते धातूला कायमचे चिकटले. इंग्रजीने नेमका उलटा रस्ता धरला. तिथल्या उपसर्गांवर उच्चारात जोर पडत नसे. ते झिजत गेले, अनेकांचा अर्थ पुसट झाला आणि नवे शब्द घडवण्याची त्यांची ताकद ओसरली. ‘वर’, ‘बाहेर’, ‘खाली’ अशी दिशा दाखवणारी सुटी क्रियाविशेषणे तेव्हाही भाषेत होतीच. त्यांच्यावर जोर पडत होता, त्यांचा अर्थ स्पष्ट होता. वाक्यात क्रियापद कर्माच्या आधी येण्याची सवय पक्की होत गेली, तसे हे शब्द क्रियापदाच्या मागे स्थिरावले.

याला गती मिळाली ती उत्तरेकडून आलेल्या लोकांमुळे. 865 साली डेन लोकांची मोठी फौज इंग्लंडमध्ये उतरली. तिच्यातले अनेकजण परत गेले नाहीत. पूर्व आणि उत्तर इंग्लंडमध्ये त्यांनी शेती केली, घरे बांधली. त्यांच्या नॉर्स भाषेतले जुने उपसर्ग आधीच जवळजवळ गळून गेले होते आणि त्यांचे काम मागून येणारे सुटे शब्द करत होते. दोन्ही भाषा एकमेकींच्या इतक्या जवळच्या होत्या, की शेजाऱ्यांना एकमेकांचे बोलणे बरेचसे उमगत असावे. अशा शेजारात शब्दांपेक्षाही बोलण्याच्या लकबी लवकर उचलल्या जातात. याचा ठळक पुरावा पीटरबरोच्या मठात लिहिलेल्या बखरीत आहे. तिच्या 1132 सालच्या नोंदीत राजाने मठाधिपतीला मठ सोडायला लावल्याची हकीकत येते, आणि तिथे आजच्या ‘गिव्ह अप’चे जुने रूप जसेच्या तसे भेटते. हा मठ डेन वस्तीच्याच टापूत होता आणि नॉर्समध्ये याच अर्थाची, याच घडणीची जोडी होती. यावर एक आक्षेप रास्त आहे. जर्मन आणि डच या भगिनीभाषांतही क्रियापदापासून सुटणारे असे शब्द आहेत, तर मग सारे श्रेय डेन लोकांना का द्यायचे? सारे देऊ नयेच. बीज वारशातले होते. पण जर्मनमध्ये हे शब्द आजही कित्येक ठिकाणी क्रियापदाच्या आधी जोडून येतात, इंग्रजीत ते पूर्ण सुटे झाले, आणि त्या फरकात नॉर्स शेजाराचा वाटा असल्याचे मानायला ही बखर सबळ आधार देते.

1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि न्यायालये फ्रेंचच्या हाती गेली, धर्मपीठ आणि विद्या लॅटिनकडे होतीच. ‘सरेंडर’, ‘टॉलरेट’, ‘इन्व्हेस्टिगेट’ असे शब्द या दारांनी आले, कोणी आधी, कोणी कित्येक शतकांनी. शेतावर, स्वयंपाकघरात आणि बाजारात मात्र जोडक्रियापदेच वाढत राहिली. म्हणजे दोहोंतला फरक शुद्ध-अशुद्धाचा नव्हता, बोलणाऱ्याच्या दर्जाचा होता. दर्जाचे रूपांतर नियमात झाले ते सतराव्या शतकात. जॉन ड्रायडनने 1672 साली बेन जॉन्सनच्या ‘कॅटिलाइन’ नाटकातल्या एका वाक्यावर बोट ठेवले, कारण ते शब्दयोगी अव्ययावर संपत होते. हा दोष आपल्या लेखनातही असल्याचे त्याने कबूल केले, आणि 1668 सालच्या नाट्यविषयक निबंधाची 1684ची आवृत्ती काढताना अशी वाक्ये फिरवून घेतली. इंग्रजी वाक्याविषयी शंका आली की ते लॅटिनमध्ये उतरवून पाहतो, असेही त्याने लिहून ठेवले आहे. नियमाचे मूळ इथे उघडे पडते. लॅटिनमध्ये असे शब्द नामाच्या आधी येतात, म्हणून इंग्रजीतही ते तिथेच असावेत. रॉबर्ट लाउथने 1762च्या व्याकरणात ही रचना इंग्रजीला मनापासून आवडते हे मान्य केले, आणि ते सांगणारे वाक्य त्याच रचनेत लिहिले. गंभीर लेखनात मात्र दुसरी रचना अधिक डौलदार, असे त्याचे मत. 1795 साली लिंडली मरेने ते विधान आपल्या व्याकरणात घेताना अव्यय उचलून आधी नेऊन ठेवले. मरेचे पुस्तक शाळाशाळांतून अफाट चालले. जी गोष्ट लाउथला पसंतीची होती, ती मुलांना नियम म्हणून शिकवली गेली. ड्रायडनचा रोख जोडक्रियापदांवर नव्हता, वाक्याच्या शेवटावर होता, हे खरेच. पण ‘पुट अप विथ’सारख्या जोड्यांची जागा स्वभावतःच वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे संशय त्यांच्यावरही पसरला.

या जोड्यांना तर्क नाही, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण सॅम्युअल जॉन्सननेही 1755 सालच्या कोशाच्या प्रस्तावनेत परदेशी माणसाला सर्वांत मोठी अडचण यांचीच होते असे म्हटले आहे. त्याने त्या कष्टाने गोळा केल्या, हे त्याचे मोठेपण. पण अवघड म्हणजे अतार्किक नव्हे. ‘रॅन अप द हिल’ आणि ‘रॅन अप अ बिल’ कानाला सारखे लागतात. तरी दुसऱ्यात ‘अप’ उचलून ‘बिल’च्या मागे ठेवता येते, पहिल्यात ‘हिल’च्या मागे ठेवता येत नाही. पहिल्यात ते शब्दयोगी आहे, दुसऱ्यात क्रियापदाचा भाग. ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’ यांतले ‘अप’ वरची दिशा सांगत नाही, क्रिया पुरती झाली असे सांगते. मराठी माणसाला हे परके वाटू नये. ‘खाऊन टाक’मध्ये कोणी काही टाकत नाही आणि ‘बोलून बसला’मध्ये कोणी बसत नाही, सहायक क्रियापद आपला मूळ अर्थ सोडून पूर्णतेची किंवा पश्चात्तापाची छटा देते. आपण ते व्याकरणात संयुक्त क्रियापद म्हणून शिकतो आणि त्याला ढिले म्हणत नाही.

‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव छापून आले ते 1925 साली, लोगन पिअर्सल स्मिथच्या पुस्तकात. ते ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे त्याने नोंदवले आहे. लगेच 1930 साली सी. के. ऑग्डेनने 850 शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. तिच्यात क्रियापदे फक्त 18, बाकीचा भार ‘गेट’, ‘पुट’, ‘टेक’ यांच्यामागे छोटे शब्द जोडून पेलायचा. ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात वर्षानुवर्षे काम केलेल्या मायकेल वेस्टने 1934 साली सहकाऱ्यांसह यावर टीका केली. शब्दांची संख्या कमी दिसली, तरी शिकणाऱ्याला प्रत्येक जोडीचा अर्थ नव्याने शिकावा लागतो, ही त्या टीकेतली मर्माची बाब होती. त्याने बंगाली मुले शिकताना पाहिली होती, आणि या मुद्द्यावर वेस्टचेच बरोबर होते. उपाय शब्द कमी करण्यात नव्हता, छोट्या शब्दांकडे नीट पाहण्यात होता. 1989 साली कॉलिन्स कोबिल्डच्या कोशाने तीन हजारांहून अधिक जोड्या दिल्या आणि शेवटी स्वतंत्र सूचीत ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ यांच्या अर्थांनुसार त्यांचे गट पाडले, त्यामुळे पूर्णता दाखवणारी सगळी ‘अप’ एका ठिकाणी वाचता येतात. आपल्या शाळांत मात्र अजूनही या जोड्यांच्या याद्या इंग्रजी वर्णक्रमाने, क्रियापदांप्रमाणे घोकून घेतल्या जातात.