आधी खाट, मग कॉलेज, शेवटी विद्यापीठ

जयपूरच्या मानसरोवरातून बोलतोय. मागचे काही भाग किल्ले आणि लढायांत गेले. आज विषय दवाखान्याचा आहे, पण माझ्या दृष्टीने हीसुद्धा एक मोहीमच.

माझ्या घरापासून सांगानेर ओलांडून प्रतापनगरला गेलं की राजस्थान आरोग्य विज्ञान विद्यापीठ लागतं. इथे सगळे त्याला आरयूएचएस म्हणतात. उलट दिशेला, जुन्या शहराच्या अंगाला, सवाई मानसिंह रुग्णालय, म्हणजे एसएमएस. एकीकडे विद्यापीठ, दुसरीकडे रुग्णालय. दोन्हींत कुठेतरी राजस्थानच्या डॉक्टरकीचा सगळा इतिहास येतो. गंमत म्हणजे तो उलटा चालतो. आपल्याला वाटतं आधी विद्यापीठ, त्याखाली कॉलेज, कॉलेजसाठी रुग्णालय. घडलं बरोबर विरुद्ध.

मुंबईतही तेच झालं होतं. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडून जे. जे. रुग्णालय सुरू झालं 1845मध्ये. मुंबई विद्यापीठ आलं 1857मध्ये. भाऊ दाजी लाड यांच्यासारखी पहिली तुकडी 1851मध्ये बाहेर पडली तेव्हा पदवी द्यायला विद्यापीठच नव्हतं. कॉलेजनेच आपलं प्रशस्तिपत्र दिलं आणि माणसं डॉक्टर झाली. सर जमशेटजी जीजीभाईंनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये दिले ते खाटांसाठी, पदव्यांसाठी नव्हे.

जयपूरला हा प्रवास शंभर वर्षांनी झाला. सवाई मानसिंह दुसरे यांच्या काळात, 1930च्या दशकात, मोठं रुग्णालय उभं राहिलं. मग दिवाण सर मिर्झा इस्माईल आले. ज्यांच्या नावाने आज एम. आय. रोड आहे, तेच. त्यांच्या कारकिर्दीत मेडिकल कॉलेजचा विषय पुढे गेला, मार्च 1946मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी कोनशिला बसवली आणि 1947मध्ये वर्ग सुरू झाले. राजपुताना विद्यापीठ जन्मलं 8 जानेवारी 1947ला. म्हणजे कोनशिला बसली तेव्हा पदवी देणारं विद्यापीठ अजून कागदावरच होतं. पुढे त्याचंच राजस्थान विद्यापीठ झालं आणि डॉक्टरांच्या पदव्या कित्येक वर्षं तिथूनच मिळत राहिल्या. वैद्यकीय शिक्षणाचं वेगळं विद्यापीठ झालं ते 2005च्या कायद्याने. आपल्याकडे नाशिकला हेच 1998मध्ये झालं होतं. पुण्याच्या एएफएमसीतल्या आमच्या फौजी डॉक्टरांची पदवीसुद्धा नाशिकचीच असते, हे पुष्कळांना माहीत नसतं.

आता मुद्द्याचं. शिकवणाऱ्या रुग्णालयातून नेमकं काय निघतं?

माझ्या पलटणीतल्या एका नाईकाचा पाय सुरुंगात गेला. त्याला कृत्रिम पाय मिळाला, बुटासकट. दोन वर्षांनी मी त्याच्या गावी गेलो तर पाय ट्रंकेत आणि तो कुबड्यांवर. म्हणाला, "साहेब, हा पाय घालून चिखलात जाता येत नाही, देवळात जाता येत नाही, जेवायला पाटावर बसता येत नाही. मग घालून करू काय?" मला उत्तर देता आलं नाही.

ते उत्तर तोवर एसएमएसमध्ये तयार झालेलं होतं. एडिंबराहून एफआरसीएस करून आलेले डॉ. प्रमोद करण सेठी तिथे अस्थिरोग विभाग चालवत. परदेशी नमुन्याचा पाय बुटात बसवावाच लागे, घोटा वळत नसे. त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर रुग्णांना हस्तकला शिकवत. शाळा फार झालेली नव्हती, हात मात्र सोन्याचे. डॉक्टरांना हाडांचं आणि वजनाचं गणित ठाऊक, शर्मांना साच्याचं आणि रबराचं. टायरवाल्याकडचं व्हल्कनाइझ केलेलं रबर, आत स्पंज रबर आणि लाकूड. डॉ. कासलीवाल आणि डॉ. उदावत हेही या कामात होते. 1968च्या सुमारास जो पाय तयार झाला तो अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो, पाण्यात जातो. तोच जयपूर फूट. वर जोडायची नळी सुरुवातीला अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून करत, पुढे शेतात पाणी नेतात त्या प्लॅस्टिकच्या पाइपातून होऊ लागली.

1981मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो सेठींना. योग्यच होतं. पण शर्मांचं नाव त्या यादीत नाही, हे मला खटकतं. फौजेतही पदक बहुतेक वेळा अधिकाऱ्याच्या छातीवर लागतं.

पण शोध लागला म्हणून लोकांपर्यंत पोचला असं नाही. पहिल्या सात वर्षांत जेमतेम साठेक माणसांना हा पाय बसला. विभागाकडे विद्यार्थी होते, शस्त्रक्रिया होत्या, परीक्षा होत्या. गावोगावच्या माणसाला बोलावून, जेवू घालून, माप घेऊन पाय देण्याची व्यवस्था नव्हती. आमच्या भाषेत, तोफ होती, रसद नव्हती.

रसद उभी केली डी. आर. मेहता या सरकारी अधिकाऱ्याने. 1969च्या मोटार अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जाता जाता वाचला होता. 1975मध्ये, महावीर निर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षी, त्यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. नियम साधे: माणूस येईल तेव्हा दार उघडं, राहणं-जेवण फुकट, पाय फुकट, आणि शक्यतो लवकरात लवकर परत घरी. त्यानंतर संख्या लाखांत गेली. अफगाणिस्तानात सुरुंगांनी पाय गेलेल्यांपर्यंत हे तंत्र पोचलं.

आता विद्यापीठाकडे परत येऊ. आरयूएचएसने 2014मध्ये स्वतःचं मेडिकल कॉलेज सुरू केलं, आणि 2020मध्ये प्रतापनगरचं त्याचं रुग्णालय समर्पित कोविड रुग्णालय झालं. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या दारात रुग्णवाहिकांची रांग लागली. माझ्या सोसायटीतले दोघे तिथे होते, एक परतले. आता तिथेच एम्सच्या धर्तीवर 'रिम्स' करण्याची घोषणा सरकारने केली आहे. इमारती होतील, यंत्रं येतील. मी बघणार आहे ते एवढंच, की एखाद्या वॉर्डात डॉक्टरांच्या शेजारी कुणी रामचंद्र शर्मा बसलेला दिसतो का.

त्या नाईकाला पुढे जयपूरला आणलं. तिसऱ्या दिवशी तो माझ्या घरी जमिनीवर मांडी घालून जेवला, आणि उठताना कुणाचा हात घेतला नाही.