थंडीत घडलेले रबर

नोव्हेंबर उजाडला की आपल्या मंडळींच्या गप्पांत हवामान आणि टायर हे दोन विषय हटकून येतात. कुणाचे टायर किती हजार मैल चालले यावर पैजाही लागतात. पण ते इतके चालतात यामागे एका थंडीचाच हात आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. ही थंडी रस्त्यावरची नव्हे, कारखान्याच्या टाकीतली आहे. तापमान ५ अंश सेल्सिअस. माझी डॉक्टरेट इंजिनिअरिंगमधली आणि पोट सॉफ्टवेअरवर, पण या थंडीची कथा मला नेहमीच आपली वाटत आली आहे.

१९४२ च्या पहिल्या काही महिन्यांत जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतले आणि अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा सुमारे ९० टक्के पुरवठा तुटला. रबराविना ना ट्रक हलणार, ना विमान उतरणार. पर्याय होता, पण तो निघाला होता शत्रूच्या घरी. १९३० च्या सुमारास जर्मन रसायनज्ञांनी ब्युटाडाईन आणि स्टायरीन यांपासून ‘बुना-एस’ हे रबर बनवले होते. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या चार टायर कंपन्या आणि एक तेल कंपनी यांनी डिसेंबर १९४१ मध्येच पेटंट व माहिती एकमेकांना खुली करण्याचा करार केला. सरकारने कारखाने उभारले, आणि १९४५ साली कृत्रिम रबराचे उत्पादन सात लाख टनांच्या वर गेले.

कृती वरवर सोपी आहे. सुमारे तीन भाग ब्युटाडाईन आणि एक भाग स्टायरीन बंद टाकीत, दाबाखाली, साबणाच्या पाण्यात ढवळायचे. साबणाचे रेणू एकत्र येऊन अतिसूक्ष्म पुंजके होतात, त्यांत रबराच्या साखळ्या वाढू लागतात, आणि टाकीत दुधासारखा पांढरा चीक तयार होतो. त्यात मीठ आणि आम्ल घातले की दूध फाटावे तसे रबर वेगळे होते. साखळी सुरू करून द्यायला पोटॅशियम परसल्फेट वापरत. ते फुटायला ऊब लागते, म्हणून टाकी ५० अंशांवर ठेवत.

खोट होती ती याच ५० अंशांत. त्या उष्णतेत साखळ्यांना जागोजागी फांद्या फुटत, काही एकमेकींत गुंतून गाठी होत. असे रबर लवकर झिजे. युद्ध त्याच्यावर निभावले, कारण दुसरे काही नव्हतेच. पण शांतता आल्यावर मलायाचे रबर पुन्हा बाजारात येणार होते. ‘गरज सरो नि वैद्य मरो’ अशीच या कारखान्यांची गत व्हायची.

टाकी थंड केली तर फांद्या कमी होतील, हे कळत होते. पण थंडीत परसल्फेट जवळजवळ निजूनच राहते. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांची पथके जर्मनीत गेली, तेव्हा तिथे यावर बरेच काम झाल्याचे दिसले. अमेरिकेतही मिनेसोटा विद्यापीठात कोल्टहॉफ आणि त्यांचे सहकारी याच वाटेने जात होते. उपायाचे नाव रेडॉक्स. लोहाचा क्षार हायड्रोपेरॉक्साइडला फोडतो, त्या तुकड्यापासून साखळी सुरू होते, आणि वापरून झालेल्या लोहाला साखर पुन्हा कामाला जुंपते. होय, साधी द्राक्षशर्करा! हे सारे ५ अंशांवरही चालते. शिवाय एक पथ्य पाळायचे. सुमारे ६० टक्के माल साखळ्यांत गेला की प्रक्रिया तिथेच थांबवायची आणि उरलेला माल परत मिळवायचा. पूर्वी ७० टक्क्यांच्या पुढे जात. हाव आवरली तर गाठी आवरतात.

१९४८ पासून हे ‘कोल्ड रबर’ कारखान्यांतून निघू लागले. मोटारीच्या टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या थरात ते झाडाच्या रबरालाही भारी पडले. ट्रक आणि विमानांच्या टायरना मात्र आजही झाडाचेच रबर मोठ्या प्रमाणात लागते, कारण ते कमी तापते. १९५५ मध्ये सरकारने बहुतेक कारखाने खासगी कंपन्यांना विकले. भारतात १९६३ मध्ये बरेलीला असे रबर बनू लागले. त्यासाठीचे ब्युटाडाईन यायचे उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासून. साखर कारखान्याच्या गावात वाढलेल्यांना मळी म्हटल्यावर आधी तिचा वास आठवेल! धंद्यातल्या क्रमांकांत जुना भेद अजून टिकून आहे: १००० च्या मालिकेत गरम रबर, १५०० च्या मालिकेत थंड.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही तारीख डोक्यावर आली की आम्ही टाकी तापवतो. प्रोग्रॅम चालतो, गिऱ्हाईक खूश होते, फांद्या आणि गाठी मागाहून दिसतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही, १९४२ चे रबरही तसेच झाले होते. पण ती घाई संपल्यावर त्या मंडळींनी ‘चालले आहे ना, मग चालू द्या’ असे म्हटले नाही. चालू कारखान्याची कृती त्यांनी मुळापासून बदलली. युद्धातल्या धावपळीवर पुस्तके निघाली, या दुरुस्तीची आठवण मात्र फार थोड्यांना आहे. यंदा टायर बदलायला गेलात तर तिथल्या बाकावर बसल्या बसल्या तिची आठवण जरूर काढा.