सोन्याची घरगुती पारख
दागिन्याचे सोने अस्सल आहे की नाही, याचा अंदाज घरच्या घरी घेण्याच्या पद्धती. आधी ठसा पाहतात. भारतीय मानक ब्यूरोच्या हॉलमार्कमध्ये त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरटसाठी ९१६) आणि सहा अक्षर-अंकी क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक बंधनकारक असून ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळता येतो. जुन्या दागिन्यांवर तो नसतो.

चुंबकाची चाचणी फसवी ठरते. तांबे, पितळही चुंबकाला चिकटत नाही. त्यापेक्षा घनतेची चाचणी भरवशाची. नाजूक काट्यावर पाण्याचा पेला ठेवून वजन शून्यावर आणतात व दागिना दोऱ्याने, तळाला न टेकवता, पाण्यात बुडवतात. दागिन्याच्या वजनाला काट्यावर वाढलेल्या वजनाने भागले की घनता मिळते. २२ कॅरटची १० ग्रॅमची अंगठी काटा सुमारे ०.५६ ग्रॅमने वाढवते, पितळेची जवळपास दुप्पट. पोकळ, खडे जडवलेल्या किंवा लाख भरलेल्या दागिन्यांना मात्र ही रीत निरुपयोगी. टंगस्टनची घनता सोन्याइतकीच असल्याने त्याचा गाभाही निसटतो.

कसोटीच्या दगडावरील रेघ आम्लाने तपासणे सराफाचे काम; नायट्रिक आम्ल घरात वापरू नये.