पैठणी रोमला गेली होती का?

पैठणची एक दिवसाची सहल म्हणजे नाथांची समाधी, जायकवाडी आणि विणकाम केंद्र, हे ठरलेलंच. तिथं गाईड हमखास सांगतो, पैठणी सोन्याच्या भावानं रोमला जायची. आम्ही पैठणकरही तेच सांगतो. पण पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी माहितीपुस्तकात वेगळंच आहे. भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि इथून गाड्या भरून जायचे ते अकीकासारखे दगड. साधं कापड, मलमल जायची ती तेरहून! म्हणजे रेशमी पैठणीचा हा पुरावा नाही.

खरी करामत मागावर आहे. पदरातल्या प्रत्येक रंगाचा धागा वेगळा, शेजारच्या धाग्यात हातानं अडकवलेला. म्हणून पदर उलटसुलट सारखाच दिसतो.

पेरूमध्ये केस्वाचाका नावाचा गवती दोरांचा पूल गावकरी दरवर्षी नव्यानं विणतात. इंका काळापासूनची ही रीत. २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. कोरोनात काम राहिलं, आणि मार्च २०२१ मध्ये पूल कोसळला. त्याच जूनमध्ये त्यांनी तो पुन्हा उभारला, कारण हात शाबूत होते.

आपले सहलवाले मागापुढे फोटो काढतात आणि बाहेर पॉवरलूमची साडी घेतात. गाईडभाऊ, रोम राहू द्या. एवढंच सांगा: पदर उलटा करून बघा, मागे सुटे धागे लोंबत असतील तर तो पदर असा हातानं धागे अडकवून विणलेला नाही.