खेद, क्षमा आणि उत्तरदायित्व

रेल्वेस्थानकावर गाडी उशिरा येणार असल्याची घोषणा होते, तिचा शेवट ‘असुविधा के लिए हमें खेद है’ या वाक्याने होतो. ते ऐकून कोणा प्रवाशाचे समाधान झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. खेदात दुःखाची कबुली असते, दोषाची नसते. राज्यसंस्था हा भेद किती जपून पाळते, हे जालियनवाला बागेच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

१३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसर येथे ब्रिगेडियर जनरल डायर याने निःशस्त्र जमावावर सुमारे १० मिनिटे गोळीबार करविला. १६५० गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी हिशेबाने ३७९ माणसे मेली. काँग्रेसच्या चौकशी समितीने हा आकडा बराच अधिक मानला. तिच्या सदस्यांत गांधीजींसमवेत मुंबईचे बॅ. मुकुंदराव जयकरही होते.

पुढचा घटनाक्रम प्रशासकाने लक्षपूर्वक वाचावा असा आहे. सरकारने लॉर्ड हंटर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली ती ऑक्टोबर १९१९ मध्ये. परंतु अधिकाऱ्यांना संरक्षण देणारा इन्डेम्निटी कायदा सप्टेंबरमध्येच संमत झाला होता. दोष ठरण्याआधी अभय मिळाले. १९२० मध्ये समितीने डायरला दोष दिला, त्याला पद सोडावे लागले. खटला मात्र झाला नाही. त्याच्या कृतीस मान्यता कळविणारे पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर ओड्वायर यांच्यावर कोणतीच कारवाई झाली नाही. जुलै १९२० मध्ये चर्चिल यांनी संसदेत त्या हत्याकांडाचा कठोर निषेध केला, पण तो एक अपवाद होता, ब्रिटिशांची ती रीत नव्हे, असे सांगून. दोष एका माणसावर गेला आणि व्यवस्था सुटली.

त्यानंतर उरले ते शब्द. फेब्रुवारी १९२१ मध्ये दिल्लीत नव्या विधिमंडळाचे उद्घाटन करताना ड्यूक ऑफ कॅनॉट यांनी झाले गेले विसरण्याचे आवाहन केले. म्हणजे ओझे पुन्हा पीडितांवरच. १९९७ मध्ये राणी एलिझाबेथ यांनी ती घटना क्लेशदायक म्हटली, २०१३ मध्ये पंतप्रधान कॅमेरून यांनी लज्जास्पद, आणि एप्रिल २०१९ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत तीव्र खेद व्यक्त केला. विधिवत क्षमायाचना यांपैकी कोणीही केली नाही. त्याच सुमारास तेथील एका मंत्र्याने क्षमायाचनेचे आर्थिक परिणाम असतात, असे सांगितले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे उत्तर निदान प्रामाणिक वाटते. खेद फुकट असतो. क्षमायाचनेची किंमत मोजावी लागते.

या इतिहासात एक वेगळे नाव आहे, सर सी. शंकरन नायर यांचे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी परिषदेत ते त्या वेळी एकमेव भारतीय सदस्य होते. गोळीबाराशी त्यांचा संबंध नव्हता. तरी पंजाबातील दडपशाहीच्या निषेधार्थ त्यांनी १९१९ मध्येच राजीनामा दिला. ज्या सरकारात आपण बसतो, त्याच्या कृत्याशी आपला संबंध आहे, एवढे त्यांनी मानले.

हे लिहिताना मला माझेच एक पत्र आठवते. सेवेच्या आरंभीच्या काळात एका विधवेच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकरण पाच महिने रखडले. ‘झालेल्या विलंबाबद्दल खेद आहे’ असे उत्तर मी तिला धाडले. विलंब आपोआप झाला नव्हता. नस्ती माझ्याच कपाटात पडून होती. व्याकरणाच्या दृष्टीने ते वाक्य निर्दोष होते. ‘विलंब माझ्याकडून झाला’ असे लिहिण्यास कोणताही नियम आड येत नव्हता. ते मी लिहिले नाही.