वयाची अट कोणासाठी?

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात छताकडे दृष्टी टाकली, म्हणजे परदेशी वेषातील काही मंडळी हाती पेले घेऊन बसलेली दिसतात. ज्या विहारात मद्याचा थेंबही वर्ज्य, त्याच्याच छतावर मद्यपानाची बैठक रंगविलेली पाहून प्रेक्षकास नवल वाटते. परंतु भिक्षूंना मद्य अपरिचित नव्हते. परिचित होते म्हणूनच त्याविषयी नियम करावा लागला.

त्या नियमामागील कथा विनयपिटकात आहे. सागत नावाच्या भिक्षूने एका उग्र नागास नमविले. कौशांबीच्या लोकांनी कौतुकाने त्याला घरोघर मद्य पाजले आणि तो नगराच्या वेशीपाशीच कोसळला. तेव्हा बुद्धांनी शिष्यांना विचारले, की हा आता पाण्यातील साध्या सापाला तरी आवरू शकेल काय? मद्यपानाचा निषेध तेथून झाला. त्यात वयाची अट मुळीच नव्हती; तरुण असो वा वृद्ध, नियम एकच.

वयाची अट निराळ्या प्रसंगी आली. राजगृहात उपाली आणि त्याचे सोबती मिळून सतरा मुले होती. उपालीच्या आईबापांना वाटले, लेखनाने याची बोटे दुखतील, गणिताने छाती दुखेल. त्यापेक्षा भिक्षूंचे जीवन सुखाचे. मुलांनी दीक्षा घेतली खरी, पण पहाटेच उठून ती पेजेसाठी रडू लागली. थंडी, ऊन, भूक व तहान सोसण्याचे बळ विसाव्या वर्षापूर्वी येत नाही, असे सांगून बुद्धांनी त्याखालील मुलास उपसंपदा देण्यास मनाई केली. विशेष हे, की नियम मोडल्यास मुलाची उपसंपदा व्यर्थ ठरे, परंतु अपराध लागे तो जाणूनबुजून ती देणाऱ्या थोरांना.

यंत्रयुगात हाच प्रश्न रस्त्यावर उभा राहिला. इंग्लंडने इ. स. १९०३ च्या कायद्याने मोटारीसाठी १७ आणि मोटारसायकलीसाठी १४ वर्षांची मर्यादा घातली. हिंदुस्थानच्या १९३९ च्या कायद्यात मोटार हाकण्याचे वय १८ होते. १९८८ च्या कायद्याने तेच कायम ठेवून ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीस १६, आणि प्रवासी वा मालवाहू वाहनास २० वर्षांची अट घातली. म्हणजे अजिंठ्याच्या फाट्यापासून लेण्यांपर्यंत प्रवाशांना नेणाऱ्या बसचा चालकही, उपसंपदा घेणाऱ्या भिक्षूप्रमाणे, वीस वर्षांचा असावाच लागतो.

मद्याच्या वयाचा इतिहास निराळा आहे. अजिंठा निजामाच्या राज्यात होता, आणि तेथे अबकारी ही उत्पन्नाची बाब होती. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये हा कायदा त्यासही लागू झाला. पुढे बंदी सैल झाली, तरी कायदा राहिला व परवान्याची पद्धत रूढ झाली. महाराष्ट्रात हा परवाना २५ वर्षांनंतर मिळतो. बीअरसारख्या सौम्य मद्यास २१ वर्षे पुरतात. अमेरिकेने १९८४ मध्ये मद्याचे वय २१ करण्यासाठी राज्यांच्या रस्तेअनुदानास कात्री लावण्याचा धाक घातला, कारण तरुण चालकांचे अपघात डोळ्यांपुढे होते. महाराष्ट्रातील वयाची अट मात्र रस्त्यावर जन्मली नाही. ती दारूबंदीच्या पोटी आली. म्हणून चाकाला १८ आणि पेल्याला २५, हे दोन आकडे दोन घरांतून आलेले आहेत.

त्यांची गाठ पडते ती अपघाताच्या वेळी. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा अंत झाला. मोटार हाकणारा मुलगा १७ वर्षांचा होता, आणि त्याने त्याआधी मद्यपान केल्याचा आरोप झाला. त्याच दिवशी मिळालेल्या जामिनाच्या अटींत अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. त्यावरून लोकक्षोभ उसळला.

वस्तुतः कायद्याने थोरांकडे बोट आधीच दाखविलेले होते. मद्य पिऊन वाहन हाकणाऱ्यास शिक्षा देणारे कलम, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्काची मर्यादा घालताना, सागताच्या नियमासारखेच, वय विचारीत नाही. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालकास किंवा वाहनमालकास दोषी मानले आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगितला आहे, आणि मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. गुन्हा आपल्या नकळत घडला, किंवा तो टाळण्याची सर्व काळजी घेतली होती, असे सिद्ध करणाराच त्यातून सुटतो. राजगृहातील नियमातही ‘जाणूनबुजून’ हाच शब्द महत्त्वाचा होता.

उपालीच्या आईबापांचे मुलावर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? मुलाची बोटेही दुखू नयेत, एवढीच त्यांची इच्छा होती. मोटारीची किल्ली मुलाच्या हाती देणाऱ्या बापाचीही भावना बहुधा तीच असते. वयाची अट मुलाच्या नावाने लिहिली जाते; पाळावयाची असते ती किल्ली आणि पेला ज्यांच्या स्वाधीन आहे त्यांनी.